पहाटेचे साडेतीन तास

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात राहतो. चार महिन्यांपासून पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती लिंग ताठ होऊन दुखतं म्हणून. मनात काही नसतं, तरी ताठरपणा उतरत नाही. आधी वीस-पंचवीस मिनिटांत जायचं, आता तास-दीड तास लागतो. मागच्या महिन्यात सहा वेळा झालं. गेल्या गुरुवारी तीनला सुरू झालं ते साडेसहाला उतरलं. मित्र म्हणाला अंगात गरमी आहे, थंड पाण्याचा कपडा ठेव. ठेवला, तर दुखणं वाढलं. घरी सांगता येत नाही. वैशाखात लग्न आहे, त्यात अडचण येईल का? हे वाईट विचारांमुळे होतं का? बाकी तब्येत ठीक आहे. तसा मला लहानपणापासून सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. गोळ्या मिळतात, पण रोज घेणं होत नाही.

उत्तर : तुम्ही ‘तसा मला’ म्हणून शेवटी जे टाकून दिलंत, तिथेच या दुखण्याचं मूळ आहे. याला प्रायापिझम म्हणतात आणि एसएस असलेल्या, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेल्या, पुरुषांत तो नवलाचा नाही. जगभरच्या पाहण्या बघितल्या तर साधारण तिघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी होतो, तोही बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. वाईट विचार, गरमी, हस्तमैथुन यांच्याशी त्याचा संबंध नाही. हा रक्ताचा आजार आहे, फक्त दिसतो भलत्या जागी.

लिंगात लांबीच्या बाजूने स्पंजासारख्या दोन नळ्या असतात, शेजारी शेजारी. त्यांच्यावर जाड, न ताणणारं वेष्टण असतं. ताठरपणा येतो तेव्हा रक्त आत शिरतं, स्पंज फुगतो आणि वेष्टणाखालच्या बारीक शिरा दाबल्या जाऊन बाहेरची वाट जवळजवळ बंद होते. एरवी थोड्या वेळाने स्नायू आवळतात आणि रक्त परत जातं. झोपेतही निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन-चार वेळा असा ताठरपणा येतो आणि जातो, त्याला कळतही नाही. तुमच्या बाबतीत मात्र आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपू लागला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या नि कडक होतात, एकमेकींत अडकतात आणि बाहेरची उरलीसुरली वाटही बुजवतात. पहाटे हे जास्त होण्याचं कारण साधं आहे. रात्रभर पाणी प्यालेलं नसतं, रक्त घट्ट झालेलं असतं, झोपेत श्वास उथळ असतो आणि मूत्राशय भरलेलं असतं. शिवाय सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असतात. त्यातून सुटलेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारा शरीरातला वायू, शोषून घेतं, त्यामुळे ताठरपणा चालू-बंद करणारी यंत्रणाच बिघडलेली असते.

एक खूण तुम्हाला स्वतःला तपासता येते. लिंगाचा दांडा लाकडासारखा कडक, पण टोकाची बोंडी मऊ, असं असेल तर हा अडकलेल्या रक्ताचा प्रकार. बोंडी तिसऱ्या, वेगळ्या स्पंजाची असते आणि तिच्यातलं रक्त बहुधा अडकत नाही.

आता घड्याळाकडे या. चार तासांपुढे गेलेला ताठरपणा म्हणजे इमर्जन्सी, ही डॉक्टरांची व्याख्या. आतली गोष्ट अशी चालते : साधारण 12 तासांपर्यंत स्पंजाला सूज येते, 24 तासांच्या सुमारास रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जातं, 48 तासांपर्यंत स्नायू मरतो आणि त्या जागी चिवट धागे भरतात. ते धागे पुन्हा ताणले जात नाहीत. 36 तासांनंतर आलेल्या माणसाचा ताठरपणा उतरवता येतो, पण पुढे नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा फार थोडी उरते. म्हणून सुरुवात झाली तेव्हा घड्याळात किती वाजले होते हे मोबाइलवर टिपून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि ‘रात्रीपासून’ या उत्तराचा त्यांना उपयोग नाही.

तुमचे गुरुवारचे साडेतीन तास त्या रेषेच्या अगदी कडेला होते. येऊन-जाऊन होणारे असे छोटे झटके म्हणजे मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असते. झटके लांबत चालले आहेत हे तुम्हीच लिहिलं आहे. ते एकेकटे निरुपद्रवी वाटले, तरी वारंवार झाल्याने स्पंज हळूहळू कडक होतोच.

पुढच्या वेळी जाग आली की पहिल्यांदा उठून लघवी करा. धार नीट लागत नसेल तर जोर लावू नका, बसून, ढिलं सोडून करा. मग अर्धा ते एक लिटर साधं पाणी, घोट घोट, दहा-पंधरा मिनिटांत. पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन सिकलसेलवाल्यांनी डॉक्टरांना न विचारता खाऊ नयेत, मूत्रपिंडावर भार येतो. मग कोमट पाण्याने कंबरेखाली आंघोळ. त्यानंतर अंगणात पंधरा-वीस मिनिटं चाला, किंवा हळूहळू उठाबशा काढा. मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागले की रक्त तिकडे ओढलं जातं. घामाघूम होईपर्यंत दमायचं नाही, एसएसमध्ये त्याने दुसरीच कळ उठू शकते.

थंड कपडा, बर्फ, बोअरवेलचं गार पाणी, यातलं काहीही नको. इतर माणसांना कदाचित चालून जाईल, पण तुमच्या अंगात थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, रक्ताची गती मंदावते आणि पेशी आणखी वाकतात. तुमच्यावर तेच झालं. ‘मोकळं झालं की उतरेल’ म्हणून संभोग किंवा हस्तमैथुनही करू नका. त्याने उतरत नाही, उलट नवीन रक्त आत येतं. मोहाची दारूही नको. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे हे खरं, आणि मोहाची मिळते हेही खरं. तिने लघवी वाढते, पाणी कमी होतं, आणि झोप इतकी गाढ लागते की दुखण्याने येणारी जाग तासभर उशिरा येते.

दीड तास झाला आणि उतरण्याचं चिन्ह नाही, तर घरातल्या कोणाला तरी उठवा आणि निघण्याची तयारी करा. दोन तासांना घराबाहेर. चार तासांची मर्यादा दवाखान्याच्या दारात पोहोचण्यासाठी नाही, उपचार सुरू होण्यासाठी आहे, आणि तुमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. 108 ला फोन करा. जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा, थेट नागपूरला निघू नका. नागपूरच्या सुपरस्पेशालिटी रुग्णालयात युरॉलॉजी, म्हणजे मूत्रविकारांचा विभाग, आहे, पण गडचिरोलीपासून तेच पावणेदोनशे किलोमीटर आहे. पहिला उपचार युरॉलॉजिस्टच करू शकतो असं नाही. शल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी तो होतो. सिझेरियन होतं तिथे लागणारं मुख्य औषध, फिनाइलएफ्रिन, बहुधा असतंच, कारण कमरेतून भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तेच वापरतात.

तिथे काय होईल ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सुई पाहून पळ काढणार नाही. लिंगाच्या बुडाशी भुलीचं इंजेक्शन देतात, लिग्नोकेनचं, पण त्यात अ‍ॅड्रेनॅलिन नसलेलं. मग बाजूने एक सुई घालतात. लिंगाकडे घड्याळाची तबकडी म्हणून पाहिलं तर 3 किंवा 9 च्या ठिकाणी. 12 वर चेता आणि रक्तवाहिन्या असतात, 6 वर लघवीची नळी, म्हणून वरून-खालून नाही. दोन्ही नळ्या आतून जोडलेल्या असल्याने बहुधा एकाच बाजूने काम भागतं. सुई 18 किंवा 19 गेजची लागते. बारीक सुईतून हे रक्त येतच नाही, ते जांभळाच्या रसासारखं काळसर आणि घट्ट झालेलं असतं. पहिल्या रक्तातले वायू तपासतात. प्राणवायूचा दाब 30 पेक्षा कमी, कार्बन डायऑक्साइडचा 60 पेक्षा जास्त, पीएच 7.25 च्या खाली, म्हणजे निदान पक्कं. तपासणीचं यंत्र नसेल तर काळं रक्त आणि दुखरा, कडक दांडा एवढ्यावर पुढे जायला हरकत नाही. रक्त ओढायचं, सलाईनने धुवायचं, लालभडक रक्त येईपर्यंत.

नुसतं रक्त ओढून साधारण तिघांत एकालाच आराम पडतो. म्हणून त्याच सुईतून फिनाइलएफ्रिन द्यायचं असतं, आणि चूक घडते ती इथे. अँपूल 1 मिलीचा, त्यात 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. तो तसाच्या तसा कधीही द्यायचा नाही. 100 मिली सलाईनच्या बाटलीतून 1 मिली काढून टाका आणि अँपूल त्यात घाला, की प्रत्येक मिलीत 100 मायक्रोग्रॅम होतात. एका वेळी 1 ते 2 मिली, दर 3 ते 5 मिनिटांनी, तासाभरात एकूण 1000 मायक्रोग्रॅमच्या आत. दर डोसनंतर रक्तदाब आणि नाडी बघायची. डोकं ठणकलं, रक्तदाब चढला, नाडी मंदावली तर थांबायचं. रक्तदाब आधीच हाताबाहेर असेल किंवा नैराश्यासाठी एमएओ गटातली औषधं चालू असतील, तर हे औषध नको. हा परिच्छेद तुमच्यापेक्षा रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी आहे. कात्रण जवळ ठेवा.

सिकलसेल म्हटलं की सलाईन, ऑक्सिजन, वेदनाशामक आणि ‘रक्त चढवू, मग बघू’ असा क्रम काही ठिकाणी लागतो. सलाईन, ऑक्सिजन, वेदनाशामक हवंच, पण सुईचं काम थांबवून नाही. रक्तबदलाने प्रायापिझम वेळेत उतरतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि हिमोग्लोबिन एकदम वर नेलं तर डोकेदुखी, झटके, अगदी पक्षाघातापर्यंतचे त्रास नोंदले गेले आहेत. तुमच्या सोबत आलेल्या माणसाने एवढं विचारावं : ‘रक्त ओढायला किती वेळ लागेल?’

तासभर प्रयत्न करूनही उतरलं नाही तर पुढचा टप्पा शस्त्रक्रियेचा. बोंडीतून छेद देऊन अडकलेल्या नळीला बोंडीच्या स्पंजाशी वाट करून देतात. त्यासाठी मात्र नागपूर. दोन दिवस उलटून गेलेल्या रुग्णात कधी कधी थेट कृत्रिम रॉड बसवण्याचा विचार करावा लागतो, कारण आतले धागे पक्के झाल्यावर तो बसवणंही अवघड होतं. उपचारानंतर लिंग काही दिवस जाडसर राहतं. ती बहुधा सूज असते. दुखणं थांबलेलं असेल आणि दाबून मऊ लागत असेल तर घाबरू नका. शंका असेल तर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून बघता येतं.

हे सगळं टाळण्याचं काम मात्र दिवसा करायचं आहे. तुमच्या गोळ्या बहुतेक हायड्रॉक्सियुरियाच्या असतील. रोज घेणं होत नाही, असं तुम्ही लिहिता. हे औषध डोकेदुखीच्या गोळीसारखं नाही, दुखलं की घ्यायचं. रोज घेतलं तर तीन-चार महिन्यांत बाळपणीचं हिमोग्लोबिन, ज्याला एचबीएफ म्हणतात, ते वाढतं आणि पेशी वाकणं कमी होतं. मध्येच सोडलं की पुन्हा शून्यापासून. डोस वजनावर ठरतो, सुरुवातीला किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, आणि पहिल्या काही महिन्यांत दर महिन्याला रक्ततपासणी लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात. गोळ्या सुटतात त्या बहुतेक विसरल्यामुळे नाही, संपल्यावर आणायला जाणं होत नाही म्हणून. पंधरा गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, असा हिशेब ठेवा. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. तपासणी आणि ही गोळी सरकारी केंद्रावर मागायला लाजू नका.

त्याच भेटीत पहाटेच्या झटक्यांची नोंद दाखवा. तारीख, सुरू झालं, उतरलं, बस्स. वहीचं एक पान पुरे. ती बघून डॉक्टर झोपताना घ्यायची स्यूडोएफेड्रिनसारखी गोळी देऊ शकतात. सर्दीच्या पाकिटातली मिश्र गोळी हा तिचा पर्याय नव्हे. काही रुग्णांत कमी डोसची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल रोज देतात. ऐकायला उलटं वाटेल, ताठरपणा आणणारं औषध ताठरपणा थांबवायला! पण बिघडलेली नायट्रिक ऑक्साइडची यंत्रणा त्याने हळूहळू ताळ्यावर येते, असा तो विचार. पुरावा छोट्या गटांतला आहे, आणि सिकलसेलच्या एका चाचणीत सिल्डेनाफिलने अंगदुखीचे झटके वाढलेही. त्यामुळे हे तज्ज्ञाच्याच हातून, आणि झटका चालू असताना कधीही नाही. पुरुष हार्मोन दाबणारी औषधंही असतात. लग्न आणि मूल समोर असताना तुम्हाला ती नकोत, कोणी सुचवली तर हे कारण सांगा. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे तर जाऊच नका. जडीबुटी म्हणून विकलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

झोपण्याआधी दोन पेले पाणी, पहाटे दोनचा गजर, उठून लघवी, पुन्हा पेलाभर पाणी. दिवसभराचं तीन लिटर. थंडीत पांघरूण नीट. रात्री घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सिकलसेल नसलेल्या वाचकांसाठी थोडं. ट्रॅझोडोन, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन अशी मनोविकारांवरची औषधं आणि प्राझोसिन यांनी प्रायापिझम होऊ शकतो. औषध स्वतःहून बंद करू नका, पण चार तासांचा नियम तोच. ताठरता आणण्यासाठी लिंगात पॅपाव्हेरिनचं इंजेक्शन घेतल्यावर तर हा धोका ठरलेलाच. कारण सापडत नसेल तर रक्ताची तपासणी आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं) हवाच, कधी कधी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असा उघड होतो. सायकलच्या दांड्यावर पाय फाकून पडल्यावर येणारा, न दुखणारा, अर्धवट कडकपणा हा वेगळा प्रकार. तिथे धमनी फुटून ताजं रक्त आत येत राहतं, घाई नसते, डॉप्लर करून ठरवतात. कोकणात लाल विंचू चावलेल्या पुरुषाला दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि सोबत लिंगाचा ताठरपणा दिसला तर ती विष अंगात भिनल्याची खूण आहे. तिथे धोका हृदयाला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन त्यावर देतात. वरच्या यादीत आरोपी असलेलं औषध इथे जीव वाचवतं.

लग्नाबद्दल. आत्तापर्यंतचे झटके चार तासांच्या आत उतरले आहेत. अधल्यामधल्या दिवशी न दुखता ताठरता येत असेल, तर संसारात अडचण येईल असं मानायचं कारण नाही. ती कमी वाटू लागली तर लगेच दाखवा. त्याहून निकडीचं काम दुसरं आहे : मुलीची सिकलसेलची तपासणी. नुसती सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून पॅटर्न काढा. ती एए, म्हणजे सिकलसेलचं जनुक नसलेली, असेल तर सगळी मुलं वाहक, म्हणजे एएस होतील, पण आजारी होणार नाहीत. ती एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता एसएस मुलाची. एसएस असेल तर सगळीच. हे वैशाखाआधी दोघांनी मिळून समुपदेशकासमोर बसून ऐका, घरच्यांच्या तोंडून नाही. आणि तिला पहाटेचं दुखणं सांगा. मध्यरात्री गाडी बोलवायची वेळ आली तर ती जागी असेल. हायड्रॉक्सियुरियाने शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते, म्हणून मुलाचा विचार सुरू केला की आधी डॉक्टरांशी बोला. तोवर गोळी चालू.

घरी सांगता येत नाही, हे समजतं. केसपेपरच्या खिडकीवर, मागे वीस जण उभे असताना, तोंडाने सांगणंही अवघडच. म्हणून हे एका कागदावर लिहून सिकलसेलच्या कार्डासोबत पाकिटात ठेवा. खिडकीवर फक्त कागद पुढे करायचा :

‘सिकलसेल एसएस. प्रायापिझम. सुरू झाल्याची वेळ : ____ . वेदना आहे. इमर्जन्सी आहे, ओपीडीच्या रांगेत बसवू नये. शल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञांना बोलवा. चालू औषधं : ____ . अ‍ॅलर्जी : ____ . घरचा फोन : ____ .’

वेळेची जागा कोरी ठेवा. ती निघताना, पेन्सिलने भरायची.